पाच नंबरचं वाण

आमच्या सरकारी विमा कंपनीच्या जयपूर कार्यालयात प्लास्टिकमुक्तीचा पंधरवडा पाळायचं ठरलं, त्या दिवशी मी दाढदुखीमुळे रजेवर होतो. बैठकीला हजर नसलेल्या माणसाला आपल्याकडे नेहमी जे मिळतं तेच मला मिळालं. दुसऱ्या दिवशी गाल धरून कामावर गेलो तर टेबलावर आदेश पडलेला. श्री. जयंत टेंबे यांची प्लास्टिकविषयक नोडल अधिकारी म्हणून नेमणूक झाली होती. नोडल म्हणजे नक्की काय, असं मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "कुछ गड़बड़ हो जाए तो जिससे पूछते हैं, वो."

मग माझं प्रशिक्षण झालं, तेही एका मोठ्या हॉटेलात. प्लास्टिक कसं टाळावं हे आम्हाला दिवसभर समजावून सांगण्यात आलं. प्रत्येकापुढे पाण्याची चिमुकली प्लास्टिकची बाटली होती, जेवण थर्माकोलच्या ताटात आलं आणि शेवटी मिळालेलं प्रमाणपत्र पावसात भिजू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेलं होतं. जयपूरच्या पावसाचा विचार करता ही काळजी मला जरा जास्त वाटली. पण ज्ञान पक्कं मिळालं हे मान्य केलं पाहिजे.

ते ज्ञान असं. प्लास्टिकच्या वस्तूच्या बुडाला बाणांचा एक त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा असतो. एक नंबर म्हणजे पाण्याची बाटली. ती एकदाच वापरायची असते, म्हणून आपण ती फ्रीजमध्ये भरून ठेवून वर्षानुवर्षं वापरतो. दोन नंबर शांपूच्या नि फिनेलच्या बाटल्यांचा, जाड आणि सोशिक. तीन म्हणजे नळाचे पाइप, वायरीवरचं वेष्टण, रेक्झिन. त्याचा आणि खाण्याचा संबंध येऊ देऊ नये. चार म्हणजे दुधाच्या पिशव्या. पाच हा सगळ्यांत सज्जन. जेवणाचे डबे पाचाचे असावेत, कारण तो गरम वरणसुद्धा निमूटपणे सोसतो. सहा म्हणजे थर्माकोल आणि लग्नातले चहाचे पेले. आणि सात म्हणजे 'इतर'. नायलॉनपासून पाण्याच्या मोठ्या जारपर्यंत ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते सगळे सातात टाकलेत. आमच्या कार्यालयात अशा गटाला प्रशासन विभाग म्हणतात.

मानसरोवर भागातल्या घरी आलो आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात जाऊन पहिला डबा उलटा केला.

"अहो, त्यात रवा आहे," गौतमी म्हणाली.

होता खरा. पण शास्त्राच्या मार्गात एवढा रवा सांडायचाच. मी रव्यातून वाट काढत दुसऱ्या फळीकडे गेलो. आमची मुलगी अवनी बारावीला आहे आणि तिचं मराठी इथल्या शाळेत थोडं थोडं विरघळत चाललंय. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, मतलब आता तुम्ही प्रत्येक डब्याचं आधार कार्ड चेक करणार?" मी म्हणालो, हो.

आधार कार्ड फारच थोड्यांकडे निघालं. बाकीच्यांचं बूड कोरं. आणि कोऱ्या बुडांचा सगळ्यांत मोठा साठा निघाला माळ्यावर, एका पोत्यात. त्याची हकिगत अशी, की इकडे संक्रांतीला सवाष्णी एकाच प्रकारच्या चौदा वस्तू आणतात आणि चौदा जणींना वाटतात. तेरा जणी नात्यातल्या मिळतात. चौदावी शोधताना प्रत्येकीची नजर आमच्या दारावर पडते, कारण गौतमी घरात असते आणि नाही म्हणत नाही. आमची गल्ली लांब आहे. दोन संक्रांतींत आमच्याकडे साबणदाण्या, चाळण्या, कंगवे, मग, लिंबू पिळायची यंत्रं, चहाच्या गाळण्या आणि ज्याचा उपयोग अजून आम्हाला कळलेला नाही असं एक जांभळं चक्र, एवढा ऐवज जमला होता. सगळा प्लास्टिकचा, सगळा कोरा करकरीत, सगळा बिननंबरी.

"हे सगळं भंगारात," मी जाहीर केलं.

"लोकांनी प्रेमानं दिलंय ते."

"प्रेमाला नंबर नसतो. या साबणदाणीलाही नाहीये."

गौतमीनं पोत्याचं तोंड बांधलं आणि ती म्हणाली, "बघते मी त्याचं काय करायचं ते." मी हा होकार समजलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा समज करून घेणाऱ्या माणसाला विमा कंपनीनं जोखीम तपासायला ठेवलंय, यातच सगळं आलं.

इथपर्यंत प्रकरण घरातल्या घरात होतं. ते बाहेर गेलं जवाहर नगरला, मधुवंतीताईंच्या घरी. मधुवंतीताई जयपुरात तीसेक वर्षं आहेत आणि इथल्या मराठी महिला मंडळात त्यांच्या शब्दाबाहेर पोळी लाटली जात नाही. दिवाळीच्या फराळाला त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. टेबलावर लिंबाच्या लोणच्याची प्लास्टिकची बरणी होती. बायका आत, पुरुष क्रिकेटवर, माझं लक्ष बरणीवर. आकडा बघायला मी ती सहज उचलून वाकडी केली. झाकण नुसतं वर टेकवलेलं होतं, ही माहिती मला उशिरा मिळाली. मधुवंतीताईंनी स्वतः भरलेल्या काश्मिरी टाक्याच्या टेबलक्लॉथवर लोणच्यानं जो नकाशा काढला तो आजही धुऊन गेलेला नाही म्हणतात. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "एक नंबर आहे. यात आंबट ठेवू नये."

त्या दिवसापासून मंडळात गौतमीची ओळख 'लोणचंवाल्यांची गौतमी' अशी झाली.

मला याचं फारसं काही वाटलं नाही. तिला वाटलं. इथे बदली होण्याआधी साताऱ्यात तिच्या ओळखी रस्ताभर पसरलेल्या होत्या. इथे दोन वर्षं ती मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला जायची, शेवटच्या खुर्चीवर बसायची आणि कोणी बोललं तर बोलून परत यायची. म्हणून या वर्षी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू जिच्या घरी करायचं ठरलं होतं ती आजारी पडली आणि मधुवंतीताईंनी, दुसरं कोणीच मोकळं नसल्यामुळे, गौतमीला विचारलं, तेव्हा ती फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी होती.

"या वेळी मला नीट करायचंय," ती म्हणाली. "काही सांडायला नको."

मी तिला शब्द दिला की मी कशालाही हात लावणार नाही. फक्त वाण मी आणतो.

तिचं म्हणणं होतं की त्रिपोलिया बाजारातून स्टीलच्या वाट्या आणाव्यात आणि विषय संपवावा. पण नोडल अधिकाऱ्याच्या घरून स्टीलच्या वाट्या जाणं म्हणजे मैदान सोडून पळणं. प्लास्टिक वाईट नसतं, चुकीचं प्लास्टिक वाईट असतं, हे मंडळाला दाखवून द्यायची आणि लोणच्याचा डाग धुऊन काढायची ही संधी होती. प्रत्येकीला एक सुबक, झाकणाचा, अस्सल पाच नंबरचा डबा. उलटा केला की त्रिकोण दिसला पाहिजे. गौतमीनं माझ्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "संक्रांतीला दुपारी चारच्या आत वाण घरात पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

खाली राहणारे शेखावतजी सिंचन खात्यातून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला हे खातं उघडलंय आणि तिथे सुट्टी नसते. ते म्हणाले, "देखो सा, प्लास्टिक-व्लास्टिक सब वहम है. हमारे दादोसा मिट्टी में खाते थे, पंचानबे साल जिए." मी विचारलं, मग मातीची भांडी द्यावीत का? "ना ना," ते म्हणाले, "आजकल मिट्टी में भी मिलावट है." त्यांच्या पत्नीनं, म्हणजे शेखावत भाभींनी, साबणदाणी सुचवली. त्यांनी गेल्या वर्षी दिलेल्या साबणदाण्या सगळ्यांना फार आवडल्या होत्या म्हणे. मी माळ्याकडे न बघता मान हलवली.

शहरातल्या दुकानांचा अनुभव शिकण्यासारखा होता. पहिल्या दुकानात डब्याला नंबरच नव्हता. दुसऱ्यात झाकणाला पाच आणि बुडाला सात होता. म्हणजे झाकण सज्जन आणि डबा प्रशासन विभागातला. तिसऱ्या दुकानदारानं मी एकेक डबा उलटा करताना बराच वेळ बघितलं आणि शेवटी विचारलं, "बाबूजी, नंबर का क्या करना है? लॉटरी लगानी है क्या?" मी त्याला सातही प्रकार उदाहरणांसह समजावून सांगितले. ते होईपर्यंत त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं होतं. त्यानं मला हात जोडून निरोप दिला, आणि तो नमस्कार आदराचा होता असं मी धरून चाललो.

अखेर शेखावतजींनीच मार्ग काढला. त्यांच्या साडूंच्या शेजाऱ्यांचा शहराबाहेर चौमूंला डबे बनवायचा कारखाना होता. मी तिथे गेलो. शेठ एका खोलीत बसले होते आणि बाहेर यंत्रातून डबे पडत होते.

"पाँच नंबर चाहिए," मी म्हणालो.

"जो नंबर बोलो, साहब. ठप्पा ही तो बदलना है. पाँच, सात, ग्यारह."

"ग्यारह होता ही नहीं."

"आपको चाहिए तो होगा."

मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना सांगितलं की आकडा हा शब्द दिल्यासारखा असतो. आतला माल एक आणि बुडाचा आकडा दुसरा, याला फसवणूक म्हणतात. आणि ज्या माणसाला हे कळत नाही त्यानं डबे न बनवता दुसरं काहीतरी करावं. शेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ठीक है. तो असली पाँच बना देते हैं. संक्रांत के पहले गाड़ी आपके घर." मी विजयी मुद्रेनं परतलो. हे भाषण मी तपशिलात सांगतोय याला कारण आहे, ते पुढे येईल.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. आपल्याकडे संक्रांत म्हणजे सकाळी तिळगूळ आणि संध्याकाळी हळदीकुंकू. मधला दिवस नेहमीसारखा चालू असतो. दुकानं उघडी, टेम्पो रस्त्यावर. हेच चित्र डोक्यात ठेवून दोन वर्षं जयपुरात काढलेला माझ्यासारखा माणूस विसरला, की इथे संक्रांतीला शहर जमिनीवर नसतंच. ते गच्चीवर असतं. आदल्या दिवशी गाडी आली नाही. फोन केला तर शेठ म्हणाले, ड्रायव्हर पतंग आणायला गेलाय. उद्या सकाळी? शेठ हसले, आणि फोन बहुधा पतंगाच्या दुकानातच कट झाला.

संक्रांतीला सकाळी गौतमी काळी साडी इस्त्री करत होती. मी म्हणालो, "मी स्वतः जाऊन घेऊन येतो, काळजी करू नको." तिनं माझ्याकडे बघत इस्त्री जरा जास्त वेळ एकाच जागी ठेवली.

चौमूंपर्यंत पोचलो कसाबसा. कारखान्याला कुलूप, आणि वरून ध्वनिवर्धकावर गाणी. शेठ गच्चीवर होते. मी जिना चढून वर गेलो तर त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. वर आकाशात त्यांचा लाल पतंग एका पिवळ्याशी भिडला होता. अख्खं कुटुंब श्वास रोखून उभं. कोणीतरी माझ्या हातात तिळाची गजक आणि शेवयांसारख्या गोड फीणीची वाटी दिली. मी गजक खात उभा राहिलो आणि मनोमन पिवळ्या पतंगाची प्रार्थना करू लागलो, कारण लाल कापला गेल्याशिवाय शेठ खाली येणार नव्हते. लाल कापला जाईना. शेठ पट्टीचे निघाले. एकामागून एक पतंग कापत होते, घरचे 'वो काटा' म्हणून नाचत होते, आणि टाळ्या पिटण्याचं नाटक करता करता माझे हात दुखायला लागले. सूर्य डोक्यावर आल्यावर कुठल्यातरी पुण्यवान पोरानं शेठना कापलं. घरभर सुतक पसरलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, पण शेठनी माझ्याकडे जरा संशयानंच बघितलं.

डबे तयार होते, हे मात्र खरं. सुंदर, दुधी रंगाचे, बुडाला नाजूक त्रिकोण आणि पाच. मी एक उलटा करून बघितला, आत काही नव्हतं, आणि मला भरून आलं. पोत्यांत भरले. बांधायला सुतळी सापडेना, कारण सुतळी ठेवणारा माणूस त्याच्या गच्चीवर होता. शेठनी गच्चीवरून उरलेल्या दोऱ्याचा एक गुंडा आणला आणि पोत्यांची तोंडं करकचून बांधली. "ये नहीं टूटेगा, साहब," ते म्हणाले. एका भाच्याला गच्चीवरून ओढून टेम्पो चालवायला बसवलं आणि आम्ही निघालो. घड्याळ बघितलं. चारला अजून भरपूर वेळ होता.

सीकर रोडवर एका तपासणी पथकानं टेम्पो अडवला. संक्रांतीच्या दिवसांत प्लास्टिकच्या मांज्यावर बंदी असते. पक्ष्यांचे पंख आणि स्कूटरवाल्यांचे गळे कापले जातात त्यानं. बंदी योग्यच आहे, हे मी पथकाच्या साहेबांना उतरल्याबरोबर सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"बोरियों में क्या है?"

"डिब्बे."

"डिब्बों में क्या है?"

"कुछ नहीं."

"संक्रांत के दिन खाली डिब्बे लेकर जयपुर जा रहे हो. किसलिए?"

"औरतों को देने हैं."

"कौन सी औरतों को?"

"जो आएँगी."

प्रत्येक उत्तर खरं होतं, तरी एकत्र ऐकताना ते मलाच बरं वाटेना. साहेबांनी पोत्याला हात लावला आणि त्यांची बोटं तोंडाशी बांधलेल्या दोऱ्यावर थांबली. "और ये क्या है?" त्यांनी विचारलं.

शहाण्या माणसानं इथे 'पता नहीं' म्हटलं असतं. पण माझ्यातल्या नोडल अधिकाऱ्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी आपणहून प्रश्न विचारला होता. मी दोरा बोटांत चोळला, ताणला, उन्हात धरला. "नायलॉन," मी म्हणालो. "सात नंबर. इतर." साहेबांच्या चेहऱ्यावर शंका दिसली म्हणून मी काडेपेटी मागितली आणि टोक पेटवून दाखवलं. सूत असतं तर राख झाली असती. हे वितळून त्याची गोळी झाली. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मतलब आप मान रहे हैं कि ये प्लास्टिक का मांझा है."

"मान नहीं रहा," मी म्हणालो, "सिद्ध कर रहा हूँ."

टेम्पोवरचा भाचा यावर जो उतरून गेला तो परत दिसला नाही.

पुढचं लवकर आटोपलं. साहेबांनी माझं ओळखपत्र मागितलं, मी त्यासोबत, वजन पडावं म्हणून, नोडल अधिकारी असल्याचा आदेशही दाखवला. मोबाइलमध्ये ठेवलेला असतो. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. मग दुसऱ्या शिपायाला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतला. मग दोघांनी मिळून मला झाडाखाली खुर्ची दिली. पंचनाम्यात मालाचं वर्णन काय लिहायचं हे त्यांना येईना, तेव्हा तेही मीच सांगितलं, स्पेलिंगसकट. मी त्यांना परोपरीनं विनवलं की दोरा ठेवा, डबे सोडा. साहेब म्हणाले, डब्यांच्या आत मांजा नाही हे एकेक डबा उघडून बघावं लागेल. मग बघा ना. "आज तो छुट्टी है," साहेब म्हणाले. "आज सिर्फ़ पकड़ते हैं. देखेंगे परसों." डबे खाण्यापिण्यासाठी सुरक्षित असल्याचं कोणा जाणकाराकडून लिहून आणलं तर लवकर सुटतील, असंही त्यांनी सुचवलं. असा जाणकार जयपुरात कोण? कोणत्याही सरकारी कार्यालयाचा प्लास्टिकचा नोडल अधिकारी चालेल म्हणाले. मी छातीवर हात ठेवला. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. आरोपीचं प्रमाणपत्र आरोपीला चालत नाही.

मी गौतमीला फोन केला. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. मागून फुलदाणी ठेवल्यासारखा, खुर्च्या सरकवल्यासारखा आवाज येत होता, तो थांबला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही या."

मिळेल त्या रिक्षानं सिंधी कॅम्पला आलो आणि मेट्रोत बसलो. डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकीतून प्रत्येक गच्चीवर माणसं नाचताना दिसत होती. मी गौतमीचा विचार करत होतो. बायका दारातून आत येतील, ती हळदकुंकू लावेल, अत्तर लावेल, तिळगूळ देईल आणि मग हात रिकामे. वाणाशिवाय हळदीकुंकू झालेलं मंडळाच्या इतिहासात नसेल. 'लोणचंवाल्यांची' याच्या जागी आता काय नाव पडेल हे मला सुचत होतं आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती आदेश दाखवल्याची नव्हती.

जिन्यात शेखावतजी भेटले. "मिल गए डिब्बे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सापडले, पण मला नाही. ते म्हणाले, मातीची घेतली असतीत तर हे झालं नसतं.

आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि आतून जो कल्ला ऐकू येत होता तो भांडणाचा असावा असं मला वाटलं. मी दार ढकललं. दिवाणखान्यात काळ्या साड्याच साड्या. मधोमध चादर अंथरलेली, आणि चादरीवर माळ्यावरचं ते पोतं रिकामं केलेलं. साबणदाण्या, चाळण्या, कंगवे, मग, गाळण्या, वर आज सकाळी गल्लीतून आलेल्या नव्या वस्तूंची भर. भोवती मंडळ गुडघे टेकून बसलं होतं.

"ही माझी, मी आधी बघितली."

"अहो, तुमच्याकडे गाळणी आहे की."

"गौतमी, हे जांभळं काय गं? पण मला हवंय."

आजवर मंडळात प्रत्येकीला सारखंच वाण मिळायचं. आधीच्या वर्षी सगळ्यांना एकच प्लेट, त्याच्या आधी सगळ्यांना एकच ट्रे. आज पहिल्यांदा निवडायला मिळत होतं, म्हणून आज खरोखर लूट चालू होती. मधुवंतीताईंनी एका हातात पोपटी साबणदाणी धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्या लिंबू पिळायच्या यंत्राकडे सरकत होत्या. गौतमी मधोमध उभी होती. तिला कोणी शेवटच्या खुर्चीवर बसवलं नव्हतं, कारण तिला बसायला वेळच नव्हता. सगळ्या तिलाच हाका मारत होत्या.

तेवढ्यात शेखावत भाभींची नजर पोपटी साबणदाणीवर गेली. गौतमीचा हात कुंकवाच्या कोयरीवर थांबला.

"अरे," भाभी म्हणाल्या, "ये तो मेरी वाली है."

भाभींनी ती मधुवंतीताईंच्या हातून घेतली, उन्हाकडे धरून बघितली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. "अच्छी है, ले लो," त्या म्हणाल्या. "चौदह कम पड़ रही थीं तो ये मैंने भी ननद की दी हुई चला दी थी." मग त्याच आधी हसल्या, आणि मागोमाग सगळी खोली.

हसणं ओसरल्यावर मधुवंतीताईंना मी दारात दिसलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लोणच्याचा तो नकाशा त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार.

"या भावोजी, या," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर या विषयातले अधिकारी. सांगा बघू, ही कितव्या नंबरची?"

गौतमी माझ्याकडे बघत होती. सकाळी इस्त्री धरून बघत होती तशीच.

मी साबणदाणी हातात घेतली. रिकामी आहे ना ते आधी बघितलं. मग उलटी केली. बुडाला त्रिकोण नव्हता, आकडा नव्हता, काहीही नव्हतं. वास मात्र जुन्या पाइपासारखा येत होता. चौमूंच्या शेठना शब्दाविषयी मी जे काही ऐकवलं होतं ते सगळं मला ओळीनं आठवलं.

"पाच," मी म्हणालो.

"बघा, मी म्हटलं नव्हतं? चांगलीच दिसतेय," मधुवंतीताई शेजारणीला म्हणाल्या. आणि मग जे व्हायचं तेच झालं. चाळणी पुढे आली, कंगवा पुढे आला, पाण्याचा मग पुढे आला. मी प्रत्येक वस्तू नीट उलटी केली, डोळे बारीक करून बघितली आणि पाच म्हणून परत दिली. जांभळं चक्रसुद्धा पाच निघालं. मधुवंतीताई जाताना गौतमीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, पुढच्या बैठकीला जरा लवकर ये, सगळं ठरवायचं असतं.

बायका गेल्यावर चादरीवर फक्त रिकामं पोतं उरलं. मी ते घडी घालत होतो. माझे डबे परवा सुटले तर ठेवायला उपयोगी पडेल, असा विचार होता. गौतमी तिळगुळाची वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटी स्टीलची होती.

"घ्या तिळगूळ," ती म्हणाली. "आज गोड बोललात."